दशांशबाई आणि पुलाजवळच्या शिंपल्या

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे दशांशबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं. एकदा कुणीतरी तपासणीच्या कागदावर ‘०.४८’च्या जागी ‘सुमारे अर्धा’ असं लिहिलं होतं. बाईंनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून अख्ख्या हॉलभर फिरवला. “अर्धा चहा असतो,” त्या म्हणाल्या, “अर्धा आकडा नसतो.” तेव्हापासून ते नाव चिकटलं.

मी नमुना नोंदणीच्या खिडकीत बसायचो. बाहेरून येणारा प्रत्येक डबा, पिशवी, बाटली आधी माझ्या हाताखालून जायची. शिक्का तपासायचा, क्रमांक टाकायचा, डबा आत ढकलायचा, एवढंच माझं काम. आत काय चालतं त्यातलं मला जे थोडंफार कळतं, ते बाईंनी शिकवलं, तेही रागावून.

बाई खाडीकाठच्या. आईवडील गेल्यावर त्या थोरल्या भावाच्या घरीच राहिल्या. लग्न केलं नाही, कुणी विचारलं तर म्हणायच्या, “राहून गेलं, आणि मग बरंच वाटायला लागलं.” घर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याची पडवी. पुढच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला बाईंची खाट. वहिनी ओहोटीला खाडीत उतरून चिखलातून शिंपल्या काढायची आणि भाऊ त्या बाजारात विकायचा. भावाचा आवाज मोठा. सहज वेळ विचारली तरी समोरच्याला भांडण वाटावं इतका मोठा.

दरवर्षी खाडीतल्या शिंपल्या तपासणीला यायच्या. तीन जागांच्या : एक पुलाजवळची, एक मधली, एक खाडीच्या मुखाची. शिंपली जागची हलत नाही. पाणी आत घेते, गाळते, सोडते, आणि पाण्यातून जे विष येतं ते अंगात साठवत बसते. त्यामुळे पाण्याला विचारून जे कळत नाही, ते शिंपलीला विचारलं की कळतं. हे वाक्य बाईंचं.

प्रत्येक नमुन्याचे तीन वाटे व्हायचे. एक तपासायला, एक राखीव, आणि तिसरा लाखेचा शिक्का मारून थंडपेटीत. आत फक्त माझा क्रमांक जायचा. कुठल्या जागेचा, कुणाच्या परवान्याचा, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही असा नियम.

त्या वर्षी मी सतरा, अठरा आणि एकोणीस असे क्रमांक दिले.

बाईंचं काम बघत राहावं असं असायचं. शिंपल्या त्या सिरॅमिकच्या सुरीनं उघडायच्या, धातूचं पातं टेबलाजवळ येऊ द्यायच्या नाहीत. पाणी निथळू द्यायच्या, मांस एकजीव वाटायच्या, त्यातलं चिमूटभर तोलायच्या. मग ते जाड नळ्यांत नायट्रिक ॲसिडमध्ये घालून बंद भट्टीत तापवायचं, इतकं की मांसाचा मागमूस उरू नये, नुसतं नितळ पाणी दिसावं. ते फ्लास्कमध्ये ओतून पंचवीस मिलिलिटरच्या रेघेपर्यंत शुद्ध पाणी घालायचं आणि यंत्राला द्यायचं. प्रत्येक वेळी सोबत एक भुकटीही तपासायची. ती विकत आणलेली असायची, तिच्यात कॅडमियम, म्हणजे आम्ही शोधत असू तो विषारी धातू, किती ते आधीच पक्कं ठाऊक असायचं. भुकटीचा आकडा बरोबर आला, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा.

“यंत्रसुद्धा खोटं बोलतं?” मी एकदा विचारलं होतं.

“यंत्र नाही बोलत. आपण त्याच्या तोंडात घालतो.”

चौथ्या दिवशी बाई माझ्या खिडकीशी आल्या. चेहरा नेहमीसारखाच कोरडा.

“सतरा नंबरसोबतची भुकटी तीनही वेळा बरोबर आलीय,” त्या म्हणाल्या. “आकडा तीन पॉइंट चार सहा. तीनदा मोजला. आता अहवाल लिहून सही केलीय, त्यामुळे विचारायला हरकत नाही. सतरा कुठला?”

आमच्याकडे किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या वर कॅडमियम गेलं की ती शिंपली खायला बाद. मी रजिस्टर उघडलं. “पूल,” मी म्हणालो. मग परवानाधारकाचं नाव वाचलं आणि बोट त्या ओळीवरच ठेवलं.

“वहिनीचं आहे ना?” बाईच म्हणाल्या. मी मान हलवली. “बरं,” म्हणाल्या आणि अहवाल घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

केबिनचं दार कधी नीट लागायचं नाही. मला सगळं ऐकू येत होतं.

“बाई, हा आकडा बाहेर गेला तर खाडी बंद होईल.”

“पुलाजवळची होईल.”

“पुलाच्या वर काय आहे माहितीय ना?”

कुणाला माहीत नव्हतं! नटबोल्टना कॅडमियमचा मुलामा चढवणारा मोठा कारखाना होता, आणि त्याचा नाला सरळ पुलाखाली उतरत होता.

“माहितीय,” बाई म्हणाल्या. “तिथली माणसं तुम्हाला फोन करतात तेही माहितीय.”

साहेबांनी आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता तसा. फक्त त्याला आयुष्यात कुणाशीही वाकडं घ्यायचं नव्हतं. “हे बघा, मधल्या जागेचा आकडा एकच्या आत आहे. मुखाजवळचा त्याच्याही निम्मा. खाडी एकच आहे ना? तिन्हींची सरासरी काढा. मर्यादेखाली येतं. कुणाचंच नुकसान नाही. तुमच्या घरचंही नाही.”

“साहेब, पुलाजवळची शिंपली खाणारा माणूस सरासरी खात नाही. तीच शिंपली खातो.”

“तुम्ही फार ताणताय.”

“मी फक्त मोजलंय.”

दुसऱ्या दिवशी आदेश निघाला. बाईंना यंत्रावरून काढून काचसामान धुण्याच्या खोलीत बसवलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर! राखीव वाट्यांतून नमुने नव्यानं तपासायचं काम दुसऱ्या तंत्रज्ञाकडे गेलं. त्याला आम्ही थंडोबा म्हणायचो. सरळ, कामसू, पण साहेब खाकरले तरी उठून उभा राहणारा.

मला वाटलं बाई रजेवर जातील, निदान रडतील. त्यांनी ॲप्रन बदलला, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवले आणि धुण्याच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. “लपून कशाला धुऊ?” म्हणाल्या. “मी काही चोरी केलेली नाही.” आणि मग असं काचसामान धुतलं की बघत राहावं. आधी साबण, मग चोवीस तास ॲसिडच्या टबात, मग तीनदा शुद्ध पाणी. कुठल्या आकाराची किती भांडी आली, किती गेली, हे सगळं दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या कागदावर लिहायला लागल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मोजल्याशिवाय त्यांचा हात चालतच नसे.

घरची गोष्ट याहून वाईट होती. खाडीकाठी कुजबुज पोचली होती. भावानं बोलणं टाकलं. एका खोलीत जेवायचं, एका नळाला पाणी भरायचं, आणि शब्द नाही. काही सांगायचं असलं तर तो भिंतीला सांगायचा : “कुणाला तरी म्हणावं, दिवा मालवा.” आणि भिंतीला सांगतानाही आवाज तोच, शेजारी ऐकू जाईल असा. बाई मला हे सांगून हसल्या, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

तीन आठवड्यांनी थंडोबाचा अहवाल आला. सतरा नंबर : एक पॉइंट सात एक. मर्यादेच्या आत. साहेबांनी त्याच दिवशी सही केली, प्रत खाडीकाठच्या परवानाधारकांना पोस्टानं गेली, एक प्रत कारखान्यालाही.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळेला बाईंनी मला धुण्याच्या खोलीत बोलावलं. दाराआडच्या कागदावर बोट ठेवलं.

“वाच.”

मी वाचलं. “पन्नासचे फ्लास्क, बारा. थंडोबाकडून.”

“आणि पंचवीसचे?”

“एकही नाही.”

“नसणारच. त्या दिवशी पंचवीसचे सगळे फ्लास्क माझ्या ॲसिडच्या टबात भिजत होते. मीच घातले होते.” त्यांनी थंडोबाचं गणित पुढं सरकवलं. “आता इथं बघ. हिशेब पंचवीसचा धरलाय. त्यानं नमुना पन्नासच्या फ्लास्कात ओतला, रेघेपर्यंत पाणी भरलं. म्हणजे दुप्पट पातळ केला. आणि आकडा काढताना पंचवीसनेच गुणलं. म्हणजे काय झालं?”

दुधात पाणी घालणाऱ्याला जे कळतं ते मला कळलं. “निम्मा आला.”

“एक पॉइंट सात एकची दुप्पट कर.”

मी केली. तीन पॉइंट चार दोन.

आम्ही दोघं थंडोबाकडे गेलो. तो डबा आवरून निघायच्या बेतात होता. बाईंनी आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, “भुकटीचा आकडा कुठाय?”

त्यानं डबा खाली ठेवला. “साहेब म्हणाले घाई आहे, या वेळी भुकटी राहू दे.”

“आणि फ्लास्क?”

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फडताळाकडे, जिथं पन्नासचे फ्लास्क ओळीनं ठेवलेले होते. खरंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं. तो खुर्चीत बसला. “बाई, मी मुद्दाम नाही केलं हो.”

“माहितीय मला. म्हणून तुझ्याशी बोलतेय. साहेबांनी केलं असतं तर बोलले नसते, लिहिलं असतं. सांगशील त्यांना?”

त्याच्या घरी आजारी बायको होती, बदलीची टांगती तलवार होती. त्यानं मान हलवली, पण होय की नाही ते कळेना. दुसऱ्या दिवशी कळलं : तो मूग गिळून बसला.

बाईंनी आक्षेप लिहून साहेबांना दिला. साहेबांनी तो वाचला, टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. “तुम्ही आता काचसामान बघता ना?” म्हणाले. “मग तेच बघा.”

बाहेर आल्यावर बाई थेट माझ्या खिडकीशी आल्या. “तिसरा वाटा आहे अजून,” त्या म्हणाल्या. “थंडपेटीत. शिक्क्यासकट. मला त्याला हात लावता येत नाही. कुणाला येतो?”

हे माझ्या खिडकीतलं प्रकरण होतं. नियमावलीचं जाडजूड पुस्तक काढलं, धूळ झटकली. अहवाल मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानाधारक लेखी अर्ज करून तिसरा वाटा बाहेरच्या प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवायला लावू शकतो. तोच, दुसरं कुणी नाही.

“म्हणजे वहिनी,” मी म्हणालो.

“म्हणजे दादा,” बाई म्हणाल्या. “ती त्याच्या शब्दाबाहेर कधी गेलेली नाही.”

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सोबत कोरा अर्ज. भाऊ दारातच बसला होता. मला पाहून त्याचा पारा चढला. “आलात? आता घरावरही नंबर टाकायला आलात काय?”

“दादा, ऐकून तर घे,” बाई आतून म्हणाल्या. महिन्याभरात भावाशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

“काय ऐकू? सरकारनंच लिहून दिलंय माल चांगला आहे! कागद आहे माझ्याकडे! आणि माझीच बहीण म्हणते वाईट आहे!”

“कागद चुकलाय.”

“मग तुझा कशावरून बरोबर?”

बाईंनी फ्लास्कची गोष्ट सांगितली. दोन पेले घेतले, एक लहान, एक मोठा, रंगीत पाणी घालून दाखवलं. भाऊ बघत होता, पण बघायचं नाही असं ठरवून. “आणि मग काय?” तो म्हणाला. “पुलाजवळ बंदी आली की आम्ही काय करायचं? हातावर हात धरून बसायचं? कारखान्याचं काय वाकडं होणार? वाकडं आमचं होणार!”

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. बाई पेल्यांकडेच बघत राहिल्या.

तेवढ्यात वहिनी पडवीतून आत आली. नुकतीच खाडीतून आली होती, नखांत चिखल तसाच.

“हिचा पहिला आकडा आला त्या दिवसापासून मी घरात शिंपली शिजवलेली नाही,” ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी साधा. “तुमच्या लक्षात आलं?”

भाऊ थांबला. लक्षात आलं नव्हतं.

“मी माझ्या घरात शिजवत नाही, आणि टोपली भरून तुमच्याकडे देते, लोकांना विकायला. महिनाभर हेच करतेय. झोप लागत नाही मला. तुम्हाला लागते, तुम्ही घोरता.”

“अगं पण...”

“कारखान्याशी दहा वर्षं ओरडताय तुम्ही. एवढा मोठा आवाज आहे, ऐकलं त्यांनी? ते विचारतात पुरावा काय. आता पुरावा पेटीत बंद आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे.” तिनं माझ्यापुढे हात केला. “कुठं सही करायची?”

“मी नाही म्हणालो तर?” भाऊ म्हणाला.

“परवाना माझ्या नावावर आहे,” वहिनी म्हणाली आणि अर्ज भिंतीला टेकवून सही केली. चिखलाचा अंगठ्याएवढा डाग उमटला कागदावर. तो मी तसाच राहू दिला.

सोमवारी वहिनी अर्ज घेऊन माझ्या खिडकीशी आली. एकटी नाही, खाडीत उतरणाऱ्या आणखी सहा बायका बरोबर, सगळ्यांच्या पायात चिखलाचे बूट. हॉलच्या फरशीवर ठसे उमटत गेले. साहेब बाहेर आले. आधी ठसे पाहिले, मग बायका.

“ताई, अहवाल तुमच्याच बाजूनं आलाय. चांगला आलाय. कशाला उकरून काढताय?”

“चांगला आहे ना?” वहिनी म्हणाली. “मग परत मोजल्यानं बिघडेल कसा?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षं त्या नजरेचा अर्थ मला बरोबर कळत आला होता : यांना उद्या या म्हणावं. उद्याचा परवा होतो, आणि तीस दिवस संपायला फार वेळ लागत नाही.

माझा हात तोवर शाईच्या पॅडवर गेला होता. एवढंच मी आयुष्यात केलं म्हणा. शिक्का दाणकन उठवला, तारीख टाकली, पोच फाडून वहिनीच्या हातात दिली.

“साहेब, नोंद झाली,” मी म्हणालो.

धुण्याच्या खोलीच्या उघड्या दारात बाई उभ्या होत्या. हातमोज्यांतून पाणी टपकत होतं.

तिसरा वाटा दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत गेला. थंडपेटीतून काढताना शिक्का शाबूत असल्याची सही मी, साहेब आणि वहिनी, तिघांनी केली. त्यानंतरचे वीस दिवस ऑफिसात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. विसाव्या दिवशी थंडोबा न सांगता साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि दोन पानी कबुली ठेवून आला : फ्लास्क पन्नासचा होता, भुकटी घेतली नव्हती, कुणाच्या सांगण्यावरून तेही. बाहेरच्या प्रयोगशाळेचं उत्तर तेव्हा अजून आलेलं नव्हतं. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. येऊन बाईंच्या टबाशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “काही धुवायचं असलं तर द्या.” बाईंनी त्याला एक ब्रश दिला.

एकविसाव्या दिवशी अहवाल आला. तीन पॉइंट तीन नऊ.

पुलाजवळ बंदी आली. भावानं सांगितलं होतं तसंच झालं : आधी वाकडं त्यांचंच झालं. सात घरांचं काम एका दिवसात बसलं. वहिनी आणि बाकीच्या बायकांना मुखाजवळच्या चिखलात जावं लागलं, चालत तासाभराची वाट, आणि तिथं आधीपासून काढणाऱ्यांनी त्यांना काही हार घालून आत घेतलं नाही. पहिला महिना भांडणातच गेला.

पण अहवालाची प्रत वहिनीकडे होती, आणि ती तिनं घरात ठेवली नाही. बायका कारखान्याच्या फाटकासमोर जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी सात, आठवड्यानं चाळीस. फाटकावरचा माणूस म्हणाला, हा आकडा आमच्या नाल्याचा कशावरून? बाई रजा टाकून गेल्या आणि फाटकासमोरच्या रस्त्यावर उभं राहून तिन्ही जागांचे आकडे वाचून दाखवले : पुलाशी सगळ्यात जास्त, मध्ये कमी, मुखाशी सगळ्यात कमी. “विष वरून खाली येतंय,” म्हणाल्या. “खालून वर चढत असेल तर तसं दाखवा, मी ॲप्रन उतरवून ठेवते.” आणि त्यांच्या मागं भाऊ उभा होता. तो मोठा आवाज शेवटी योग्य जागी लागला. प्रत्येक आकडा तो मागून पुन्हा ओरडून सांगत होता, दशांशासकट. फक्त मध्येच त्यानं वळून बहिणीला विचारलं, “तुझा तीन पॉइंट चार सहा आणि त्या बाहेरच्या प्रयोगशाळेचा तीन पॉइंट तीन नऊ. यातला खरा कुठला?”

“दोन्ही.”

“दोन्ही कसे?”

“मोजताना एवढा फरक पडतोच. घरी चल, सांगते.”

एकोणीस दिवस बायका बसल्या. मग नाला बुजवला गेला आणि कारखान्याला पाणी शुद्ध करण्याची टाकी बांधावी लागली. बाहेरच्या तपासनीसांनी ती वर्षातून दोनदा बघायची असं ठरलं. साहेबांना शिक्षा झाली असं वाटत असेल, तर तसं काही नाही. त्यांची बदली झाली, वरच्या खुर्चीवर. जाताना सगळ्यांना भेटले, धुण्याच्या खोलीकडे मात्र वळले नाहीत.

बाईंना यंत्रावर परत घेतल्याचा आदेश कधीच निघाला नाही. नवे साहेब आले त्या सकाळी बाईंनी हातमोजे उतरवले, वर गेल्या आणि आपल्या जुन्या स्टुलावर जाऊन बसल्या. नव्या साहेबांना वाटलं त्या तिथंच असतात. आम्ही कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पुढं आठ वर्षं त्यांनी पुलाजवळचा नमुना दरवर्षी मोजला. नाला बंद झाला तरी चिखलात जे बसलंय ते सहजासहजी निघत नाही. आकडा उतरत गेला, पण गोगलगायीच्या चालीनं. एक वर्ष तर पुन्हा थोडा चढला. त्या वर्षी भाऊ चिडून म्हणाला होता, “एवढं भांडून हेच?” बाई म्हणाल्या, “चढला तर चढला असंच लिहीन.” वहिनीनं तेव्हा शांतपणे विचारलं, टाकीची तपासणी झाली का या वर्षी? झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका परत फाटकाशी.

आता बाई निवृत्त झाल्यात. मीही. नमुने थंडोबा मोजतो. भुकटी दोनदा घेतो, कुणी कितीही घाई केली तरी. पुलाच्या कठड्याशी एक पत्र्याचा फलक आहे, ‘येथील शिंपल्या खाऊ नयेत’. वर्षातून दोन-तीन वेळा कुणीतरी तो उपटून खाडीत फेकतं. भाऊ ओहोटीला उतरून तो शोधून आणतो, नसला सापडत तर नवा करतो, आणि पुन्हा ठोकतो. अक्षर त्याचं वेडंवाकडं, पण खाली त्या वर्षाचा आकडा न चुकता लिहितो. तो बरोबर आहे ना, हे बाई आधी तपासून देतात. या वर्षीचा दोन पॉइंट तीन एक आहे, मर्यादा दोनची.